जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर : मका-घेवड्याच्या जोडीपासून भुईमुगापर्यंत



जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव आपल्याला नवीन नाही. वीणा गवाणकर यांचं 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक १९८१ साली आलं आणि तेव्हापासून कितीतरी मराठी घरांत, शाळांच्या वाचनालयांत ते वाचलं जातंय. पण वर्गात मुलांना विचारून पाहा, कार्व्हर म्हटलं की काय आठवतं? उत्तर ठरलेलं असतं : भुईमुगापासून तीनशे वस्तू बनवणारा शास्त्रज्ञ.

उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. त्या तीनशे वस्तूंच्या मागे एक साधा प्रश्न होता. एका शेतात वर्षानुवर्षं एकच पीक घ्यायचं, की त्याच्या जोडीला किंवा त्याच्या पाठोपाठ शेंगांचं पीक घ्यायचं? आज आपण कार्व्हर यांचं आयुष्य या प्रश्नाच्या अंगाने पाहूया. विज्ञान, भूगोल आणि इतिहास असे तिन्ही विषय यात आपोआप येतात.

बालपण

कार्व्हर यांचा जन्म अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात डायमंड या गावाजवळ, साधारण १८६४ साली झाला. 'साधारण' म्हणायचं कारण असं, की गुलामांच्या मुलांची जन्मतारीख कुणी नीट लिहून ठेवत नसे. त्यांची आई मेरी ही मोझेस आणि सुझन कार्व्हर या शेतकरी जोडप्याच्या मालकीची गुलाम होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं. एका रात्री लुटारूंनी मेरीला आणि तान्ह्या जॉर्जला पळवून नेलं. मोझेस यांनी माणूस पाठवून शोध घेतला. बाळ परत मिळालं, आई मात्र कायमची हरवली.

मोझेस आणि सुझन यांनी जॉर्जला आणि त्याचा मोठा भाऊ जिम याला आपल्या घरातच वाढवलं. जॉर्जची तब्येत फार नाजूक. शेतातली जड कामं झेपत नसत, म्हणून तो सुझनबाईंच्या हाताखाली स्वयंपाक, शिवण, धुणं शिकला. उरलेला वेळ जंगलात आणि परसातल्या झाडांत. कुणाचं रोप सुकलं की लोक या पोराला बोलवायचे. कुठलं रोप उन्हात हवं, कुठलं सावलीत, कुणाच्या शेजारी कोण जगतं, हे तो नुसतं बघून बघून शिकत होता. पालकहो, पाहणं हासुद्धा अभ्यासच असतो बरं का!

शिक्षणासाठी वणवण

जवळच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून साधारण अकरा-बारा वर्षांचा जॉर्ज निओशो या गावी चालत गेला. तिथे मारिया आणि अँड्र्यू वॉटकिन्स या जोडप्याने त्याला आसरा दिला. पुढे कॅन्ससमध्ये या गावातून त्या गावात, लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून तो शिकत राहिला. फोर्ट स्कॉट या गावात १८७९ साली जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाला ठार मारलेलं त्याने पाहिलं आणि ते गाव त्याने सोडलं. पुढे हायलंड इथल्या कॉलेजने पत्राने प्रवेश दिला, पण प्रत्यक्ष गेल्यावर रंग पाहून नाकारला.

यानंतर त्यांनी कॅन्ससच्या माळरानावर जमीन घेऊन काही काळ शेती केली. १८९० साली आयोवा राज्यातल्या सिम्पसन कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला. विषय होता चित्रकला! त्यांच्या शिक्षिका एटा बड यांच्या लक्षात आलं, की हा मुलगा फुलं रंगवतो ती झाडाच्या आतलं कळल्यासारखी. त्यांनी कार्व्हर यांना वनस्पतिशास्त्राकडे वळवलं. १८९१ साली कार्व्हर एम्स इथल्या कृषी महाविद्यालयात दाखल झाले. तिथले ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. १८९४ साली पदवी, १८९६ साली पदव्युत्तर पदवी.

शिक्षकांनो, इथे एक योगायोग लक्षात घ्या. शेंगांच्या झाडांच्या मुळांवरच्या गाठींमध्ये जिवाणू असतात आणि ते हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात, हे जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी १८८६ ते १८८८ या काळात सिद्ध केलं होतं. म्हणजे कार्व्हर कॉलेजात शिकत होते तेव्हा हे ज्ञान जेमतेम पाच-सात वर्षांचं, अगदी ताजं होतं. तेच घेऊन ते दक्षिणेत गेले.

टस्कीगीची थकलेली जमीन

अलाबामा राज्यात टस्कीगी इथे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून कृष्णवर्णीयांसाठी शिक्षणसंस्था चालवली होती. तेही जन्माने गुलामच. त्यांच्या बोलावण्यावरून १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये कार्व्हर तिथे रुजू झाले. तिथे पाहतात तो काय! पांढरट, उघडी पडलेली, पावसाने घळी पडलेली जमीन आणि जिकडे नजर जाईल तिकडे कपाशी. अगदी झोपडीच्या दारापर्यंत कपाशी.

ही जमीन कायम अशी होती का? नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख मस्कोगी (क्रीक) या मूळ रहिवासी लोकांचा होता. टस्कीगी हे नावही त्यांच्याच एका गावावरून आलेलं. त्यांच्या शेतात मका, घेवडा आणि भोपळा एकत्र असायचे. मक्याचं ताट उभं राहायचं, घेवड्याचा वेल त्यावर चढायचा आणि भोपळ्याची रुंद पानं खालची माती झाकायची. तण कमी, ओल टिकून. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अनेक जमाती याच पद्धतीने शेती करत. या तीन पिकांना तिथे 'तीन बहिणी' म्हणतात.

१८३० च्या दशकात मस्कोगी लोकांना सक्तीने पश्चिमेकडे हाकलण्यात आलं. त्यांच्या जमिनीवर कपाशीचे मळे आले, ते पिकवायला गुलाम आले. जोडीचं पीक गेलं आणि एकटं पीक आलं. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, पण कपाशी संपली नाही.

शेतकरी मका-घेवडा का लावत नव्हता?

मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. एकच पीक वाईट, तर शेतकरी ते घेत कशाला होता?

उत्तर सोपं आहे, पण कडू आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या बहुतेक कुटुंबांकडे स्वतःची जमीन नव्हती. ते दुसऱ्याची जमीन वाट्याने करत, म्हणजे आपल्या बटाईसारखंच. बी, खत, वर्षभराचं पीठ-मीठ सगळं दुकानदाराकडून किंवा जमीनमालकाकडून उधार. तारण काय? येणारं पीक. सावकाराला हवी असायची कपाशी, कारण ती नासत नाही आणि तिला बाजारात लगेच पैसा येतो. शेतकऱ्याने वावरात घेवडा लावला तर त्यावर उधारी मिळत नसे. हंगाम संपला, हिशोब झाला, की पुष्कळदा देणं शिल्लकच राहायचं. पुढच्या वर्षी परत कपाशी.

म्हणजे शेतकरी अडाणी होता असं नाही. त्याला निवडच नव्हती. हे मुलांना नक्की सांगा. नाहीतर आपली गोष्ट 'शहाणा शास्त्रज्ञ आणि अडाणी शेतकरी' अशी होऊन बसते आणि ती खरी नाही.

कार्व्हर यांचे प्रयोग

संस्थेने प्रयोगासाठी जमीन दिली तीही अशीच निकस. प्रयोगशाळा तर नव्हतीच. कार्व्हर विद्यार्थ्यांना घेऊन उकिरड्यावर गेले. फुटक्या बाटल्या, डबे, तारा गोळा करून त्यातून उपकरणं बनवली. विकतचं खत गरीब शेतकऱ्याला परवडणारं नाही हे ओळखून त्यांनी जंगलातला पालापाचोळा, दलदलीतला काळा गाळ आणि शेणखत यांवर भर दिला. आणि त्याच्या जोडीला शेंगांची पिकं : चवळी, भुईमूग आणि पुढे सोयाबीन.

त्यांचे शेतकऱ्यांसाठी लिहिलेले छोटे माहितीपत्रकांचे अंक प्रसिद्ध आहेत. १८९८ साली रताळ्यावर, १९०३ साली चवळीवर, १९०५ साली थकलेली जमीन कशी सुधारावी यावर आणि १९१६ साली भुईमुगावर. क्रम बघितलात ना? भुईमुगाच्या तेरा वर्षं आधी चवळी आहे. ज्यांना आपण भुईमूगवाले म्हणतो ते आधी चवळीवाले होते!

चवळी जमिनीला जोर देते, माणसाला खायला होते आणि गुराला चारा होते. दक्षिणेतले पुष्कळ शेतकरी मक्याची शेवटची खुरपणी झाली, की दोन ओळींच्या मध्ये चवळी टाकत. मका निघेपर्यंत खाली चवळी पसरलेली. मस्कोगींच्या मका-घेवड्याच्या जोडीचंच हे दुसरं रूप म्हणायला हरकत नाही. कपाशीच्या रानात कार्व्हर यांचा आग्रह होता तो फेरपालटीचा, म्हणजे यंदा कपाशी, तर पुढे शेंगांचं पीक.

जोडीने की वेगवेगळं? जरा हिशोब करूया

इथे थोडं थांबून विज्ञान बघूया, कारण या बाबतीत बरेच गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज : घेवडा शेजारच्या मक्याला लगेच नायट्रोजन देतो. तसं फारसं होत नाही. घेवड्याच्या गाठींतला नायट्रोजन आधी तो स्वतःच वापरतो. पण आपली गरज हवेतून भागवल्यामुळे तो मातीतला नायट्रोजन कमी ओढतो, तेवढा मक्याला जास्त उरतो. मुळं, पानं, वेल कुजले की उरलेला नायट्रोजन पुढच्या पिकाला मिळतो. आपल्याकडे यालाच बेवड म्हणतात. हरभऱ्याचा बेवड चांगला, असं जुनी माणसं म्हणतात ते याचसाठी.

दुसरा गैरसमज : शेंगांचं कुठलंही पीक घेतलं की जमीन आपोआप सुधारते. भुईमूग मुळासकट उपटला, शेंगा तोडल्या आणि पालाही गुरांसाठी वाहून नेला, तर जमिनीला काय राहिलं? पाला किंवा शेण परत रानात गेलं तरच फायदा.

आता जोडी आणि एकटं यांची तुलना. वर्गात फळ्यावर हे उदाहरण मांडा. (आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.) समजा एक एकर नुसता मका लावला तर १० पोती होतात. एक एकर नुसता घेवडा लावला तर ४ पोती. दोन्ही एकत्र लावले तर त्याच एका एकरात मका ८ पोती आणि घेवडा २ पोती. वरवर पाहता दोन्ही पिकं घटली. पण आता विचारा, हेच ८ आणि २ पोती वेगवेगळी पिकवायला किती जमीन लागली असती? मक्याला ०.८ एकर, घेवड्याला ०.५ एकर. एकूण १.३ एकर. म्हणजे एका एकराने १.३ एकराचं काम केलं. मुलांना अपूर्णांकाचं यापेक्षा चांगलं उदाहरण कुठे मिळणार?

पण वेगळ्या पिकाची बाजूही प्रामाणिकपणे सांगा. मक्याच्या सावलीत घेवडा कमी लागतो. घेवडा फार लवकर पेरला तर तो कोवळ्या मक्याला ओढून आडवा करतो. यंत्राने पेरणी-काढणी करायची तर एकच पीक सोपं पडतं. तणनाशक मारायचं तर ते दोन्ही पिकांना चालणारं हवं. थोडक्यात, जमीन कमी आणि हात जास्त असतील तर जोडी फायद्याची. जमीन मोठी आणि काम यंत्राचं असेल, तर पिकं वेगळी ठेवून त्यांची फेरपालट करणं सोयीचं. दोन्हींत शेंग आहे, हे महत्त्वाचं. तोटा होतो तो शेंगच नसलेल्या एकट्या पिकाचा.

शेतातली जोडी, ताटातली जोडी

जोडी फक्त शेतात नव्हती. दक्षिणेतल्या गरीब घरांत रोजचं जेवण म्हणजे मक्याची भाकरी, खारवलेली चरबी आणि काकवी. भाज्या, शेंगा, दूध जवळपास नाहीच. २०व्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पेलाग्रा नावाचा रोग मोठ्या प्रमाणावर पसरला. कातडीवर चट्टे, जुलाब, शेवटी भ्रम. हा रोग जंतूंमुळे नसून निकृष्ट आहारामुळे होतो, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून केलेल्या कामातून दाखवलं. पुढे १९३७ मध्ये कळलं, की त्यामागे नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता असते.

गंमत पाहा. मस्कोगी लोक मका राखेच्या पाण्यात शिजवायचे. त्यामुळे मक्यातलं बांधलेलं नायसिन मोकळं होतं. शिवाय सोबत घेवडा असायचाच. धान्यात जे प्रथिनांचे घटक कमी असतात ते शेंगांमध्ये असतात. म्हणजे आपली डाळ-भाकरी आणि त्यांचा मका-घेवडा यांचा हिशोब एकच! जोडी शेतातून गेली तशी ती ताटातूनही गेली आणि माणसं आजारी पडली.

नायसिनचं नाव कार्व्हर यांना तेव्हा माहीत असणं शक्य नव्हतं. पण गरिबाच्या ताटात चवळी आणि भुईमूग यायला हवा, हे ते पहिल्यापासून सांगत होते. आज आपल्याला माहीत आहे, की भुईमुगात नायसिन भरपूर असतं. १९१६ च्या त्यांच्या माहितीपत्रकात भुईमुगाचे १०५ पदार्थ आहेत. ते काही कारखान्यांसाठी नव्हते. ते घरातल्या बाईसाठी होते.

शेतकरी शाळेत येत नाही, तर शाळा शेतावर

दिवसभर राबणारा शेतकरी संस्थेत कसा येणार? मग कार्व्हर यांनी चाकावरची शाळा आखली. न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसप यांनी पैसे दिले आणि १९०६ साली अवजारं, बियाणं, नमुने भरलेली घोडागाडी गावोगाव फिरू लागली. तिला जेसप वॅगन म्हणत. वाचता न येणाऱ्यालाही प्रत्यक्ष पाहून कळेल, अशी तिची रचना होती.

कार्व्हर सगळ्याच बाबतींत आदर्श होते असं मात्र समजू नका. हिशोब, अहवाल, संस्थेचं कुक्कुटपालन यांत ते कच्चे होते. त्यावरून वॉशिंग्टन यांच्याशी त्यांचे वर्षानुवर्षं खटके उडत. वर्गात आणि शेतात रमणारा माणूस कागदपत्रांत अडकला की काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको!

बोंडभुंगा, भुईमूग आणि प्रसिद्धी

कपाशीची बोंडं पोखरणारा भुंगा मेक्सिकोतून १८९० च्या दशकात टेक्सासमध्ये शिरला आणि साधारण १९१० पर्यंत अलाबामात पोचला. एकट्या पिकावर जगणाऱ्या भागाचं काय झालं असेल, कल्पना करा. अलाबामातल्या एंटरप्राइज गावाच्या परिसराने भुईमूग धरला, त्यात इतका पैसा मिळाला की १९१९ मध्ये गावकऱ्यांनी चक्क या किडीचं स्मारक उभारलं. हा बदल स्थानिक शेतकरी आणि व्यापारी यांनी घडवला, तो एकट्या कार्व्हर यांच्या नावावर टाकू नये. पण भुईमुगाला चांगले दिवस आले आणि त्याबरोबर कार्व्हर यांनाही. १९२१ साली ते अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे भुईमुगाबद्दल बोलायला उभे राहिले. सुरुवातीला काही जणांनी थट्टा केली. ठरलेली दहा मिनिटं संपली तरी समितीने वेळ वाढवून दिली.

मुलांच्या निबंधात दोन चुका नेहमी असतात, त्या दुरुस्त करून द्या. पीनट बटरचा शोध कार्व्हर यांनी लावला नाही. आणि त्या तीनशे वस्तूंपैकी पुष्कळशा म्हणजे पाककृती आणि घरगुती उपयोग होते. त्यांच्या नावावर एकस्वं फक्त तीन आहेत.

अखेर

कार्व्हर यांनी टस्कीगीत सत्तेचाळीस वर्षं शिकवलं. लग्न केलं नाही, पगारवाढ मागितली नाही, साठलेली पुंजी संशोधनासाठी संस्थेला देऊन टाकली. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचं निधन झालं. टस्कीगीत बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांची समाधी आहे.

त्यांना सगळं साधलं का? नाही. सावकार तसाच राहिला, जमीन मालकाचीच राहिली, लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं दक्षिण सोडून उत्तरेच्या शहरांत गेली. माती सुधारायचं ज्ञान होतं, पण स्वतःची माती नव्हती. तरीही ज्याच्या दारापुढे एक वाफा होता, त्याला तो वाफा आणि ताट कसं भरावं हे या माणसाने शिकवलं.

वर्गात काय करता येईल?

१. तीन कुंड्या घ्या. एकीत मका, दुसरीत चवळी, तिसरीत दोन्ही. तिसरीत मका वीतभर झाल्यावरच चवळी टोकायला सांगा. दर आठवड्याला उंची आणि पानांची संख्या लिहून ठेवा. (घेवड्याऐवजी चवळी घ्या. आपल्या मातीत तिला गाठी सहज येतात.)

२. साधारण दीड महिन्याने चवळीचं एक रोप मातीसकट हळूच काढून मुळं पाण्यात धुवा. गाठ नखाने फोडून बघू द्या. आतून गुलाबी दिसली तर ती काम करते आहे.

३. मुलांना घरी आजी-आजोबांना विचारायला सांगा : आपल्याकडे ज्वारीत किंवा कपाशीत तुरीच्या ओळी का घालायचे? इरवड म्हणजे काय? बेवड म्हणजे काय? आता घालतात का? नसतील घालत, तर का?

या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं वर्गात एकत्र वाचा. त्यात यंत्र येईल, भाव येईल, उधारीही येईल. तेव्हा मुलांना कळेल, की कार्व्हर यांची गोष्ट दूरच्या अलाबामाची असली, तरी तिचा प्रश्न आपल्या बांधावरचाच आहे.